घराचा नकाशा कोणी काढायचा?



गळिताचा हंगाम आटोपला, उसाचे पैसे खात्यावर जमा झाले, की आपल्या कार्यक्षेत्रात दरवर्षी एक ठराविक चित्र दिसू लागते. गावोगावी रस्त्याच्या कडेला रेतीचे ढीग पडतात, विटांच्या ट्रॉल्या फिरतात आणि सेंट्रिंगवाल्याच्या घरी सकाळी सहा वाजताच माणसे जाऊन बसतात. पावसाळ्याच्या आत स्लॅब पडला पाहिजे, ही एकच घाई. ज्यांच्या आजाने कुडाच्या घरात जन्म काढला त्यांची नातवंडे पक्क्या घरात राहायला जाणार, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या आनंदात एक प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि तो आज आम्ही विचारणार आहोत. या घराचा नकाशा कोणी काढला?

पूर्वी हे काम सोपे होते. गावचा मिस्त्री, सुतार आणि घरातले वडीलधारे ओसरीवर बसत. कोणी काडीने मातीत चार रेघा ओढी. इकडे माजघर, इकडे चूल, मागे सांदवाडी, बाजूला गोठा. आजी आतूनच ओरडून सांगे, "चुलीचा धूर माजघरात नको येऊ देजा रे!" झाला नकाशा मंजूर. आता मुलगा मोबाईल पुढे करतो. त्यात रंगीत घर दिसते. बोट फिरवले की घर फिरते, आत शिरता येते, भिंतीचा रंग बदलता येतो. सगळे घर मोबाईलभोवती गोळा होते आणि "वा! वा!" म्हणते. एवढ्यावर चाळीस वर्षांच्या घराचा निर्णय होतो.

आमच्या परिचयाच्या एका सभासदाचे असेच झाले. सेलू तालुक्यातला माणूस, सहा एकर ओलीत, त्यातला अर्धा ऊस. पोराने शहरातून नकाशा छापून आणला. समोर मोटारीची जागा, आत मोठा हॉल, हॉलला लागून स्वयंपाकाचा उघडा ओटा, पश्चिमेला झोपायची खोली. चित्र खरोखर देखणे होते. घर बांधून झाल्यावर वास्तुपूजेला आम्ही गेलो. जेवणे झाली. म्हातारे वडील आम्हाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाऊ, घर लय मस्त झालं. पण आता बैल कुठी बांधू? अन् तूर आली तं ठेवू कुठी?"

आम्ही काय उत्तर देणार? मोटारीची जागा होती, मोटार नव्हती. बैलजोडी होती, तिला जागा नव्हती. त्या वर्षी तुरीची पोती हॉलमध्ये सोफ्याच्या मागे रचली गेली. मे महिन्यात पश्चिमेच्या खोलीत कोणी झोपू शकेना, सगळे घर अंगणात. आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर हॉलच्या कोपऱ्यात खिडकीपासून खाली तिरपी भेग पडली. त्या घरावर अजून कर्ज आहे. भेग बुजवायला पुन्हा पैसे लागले, आणि ती पुन्हा उघडली.

दोष पोराचा नाही. त्याने हौसेने केले. दोष त्या यंत्राचाही नाही. यंत्राला जे सांगितले ते त्याने काढून दिले. त्याला बैल आहेत, हे कोणी सांगितलेच नव्हते. खालची जमीन काळी आहे, हेही कोणी सांगितले नव्हते.

यंत्राला नावे ठेवू नका

आम्ही संगणकाच्या विरुद्ध आहोत असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. ट्रॅक्टर आला तेव्हाही काही मंडळींनी नाके मुरडली होती. आज तीच मंडळी ट्रॅक्टरवाल्याची वाट पाहत बांधावर उभी असतात. नकाशे काढण्याचे संगणकीय कार्यक्रम म्हणजे सॉफ्टवेअर आता काही नवे राहिलेले नाही. इंजिनिअर मंडळी वापरतात ते ऑटोकॅड १९८२ साली निघाले. सामान्य माणसाला घर उभे करून पाहता यावे म्हणून स्केचअप २००० साली आले. स्वीट होम थ्रीडी नावाचा एक कार्यक्रम तर फुकट मिळतो. त्यात कागदावर रेघ ओढावी तशी भिंत ओढायची, दार-खिडकी बसवायची, की खाली घर उभे राहिलेले दिसते. आताशा तर मोबाईलला बोलून सांगितले, "तीस बाय चाळीसच्या जागेत तीन खोल्यांचे घर दे", तरी क्षणात चित्र येते.

यात मोठा फायदा आहे. कागदावरचा नकाशा घरातल्या बाईला, म्हाताऱ्याला वाचता येत नसे. मिस्त्री बोट ठेवून सांगे आणि सगळे मान हलवीत. भिंती उभ्या राहिल्यावर मग लक्षात येई की न्हाणीचे दार थेट ओसरीवर उघडते. पडद्यावरच्या घरात ही चूक आधी दिसते. पडद्यावरची भिंत पाडायला एक बोट पुरते, विटेची भिंत पाडायला मजूर लागतो. म्हणून नकाशा दहादा मोडा, पण पडद्यावर मोडा, असे आमचे सांगणे आहे.

आणखी एक सोय फार थोड्यांना माहीत आहे. या कार्यक्रमांपैकी काहींमध्ये आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घालून उत्तर दिशा दाखवता येते, आणि मग अमुक महिन्यात अमुक वाजता ऊन कोठून येईल ते दिसते. वर्धा सुमारे पावणेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे उन्हाळ्यात सर्वांत जास्त तापतो तो स्लॅब, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा केला की काम भागते, कारण त्या बाजूचे ऊन वरून येते. पश्चिमेचे ऊन आडवे येते. ते छज्ज्याने अडत नाही, त्याला छपरी हवी, झाड हवे, नाहीतर त्या बाजूला जिना, कोठी, न्हाणी असे काही ठेवले पाहिजे. मेचा शेवटचा आठवडा, वेळ दुपारी चार, एवढे घालून आमच्या त्या सभासदाच्या पोराने चित्र पाहिले असते, तर झोपायची खोली पश्चिमेला गेलीच नसती. पारा ४५ च्या वर चढणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हा शोभेचा विचार नव्हे. म्हातारी माणसे आणि लहान लेकरे त्या खोलीत झोपतात.

यंत्राला काय कळत नाही

आता दुसरी बाजू. हे कार्यक्रम बहुतेक परदेशात तयार झाले. त्यांच्या सामानाच्या यादीत पलंग आहे, सोफा आहे, मोटार आहे. बंडी नाही, बैल नाही, फवारणीचा पंप नाही, कुटाराचा ढीग नाही, पऱ्हाटीचे भारे नाहीत. यादीत नाही म्हणून ते घरात नाही, असे होऊ देऊ नका. टेप घ्या आणि बंडी मोजा, दांडीसकट. बैल उभा असताना मोजा आणि बसल्यावर मोजा. तुरीच्या एका पोत्याला किती जागा लागते ते मोजा. मग तेवढ्या मापाचे साधे खोके नकाशात ठेवा आणि त्यावर लिहा "बंडी". खोके फिरवून पाहा, दारातून जाते का. हे काम शहरातला कोणी करून देणार नाही, ते आपणच करायचे आहे.

दुसरी गोष्ट भिंतीच्या जाडीची. काही कार्यक्रमांत भिंत आधीच पातळ धरलेली असते, तीन इंचांच्या आसपास. आपल्याकडे बाहेरची भिंत नऊ इंची विटेची असते. हिशेब करून पाहा. तीस फूट रुंदीच्या जागेत ओळीने तीन खोल्या घेतल्या तर भिंती चार. तीन इंचांप्रमाणे चार भिंतींची जागा एक फूट. नऊ इंचांप्रमाणे तीन फूट. म्हणजे पडद्यावर जी दोन फूट जागा खोलीत दिसत होती ती प्रत्यक्षात विटांनी खाल्ली. वरून दोन्ही बाजूंचे प्लास्टर. मग लोक म्हणतात, "मिस्त्रीनं खोली लहान केली." मिस्त्रीने काही केले नाही, नकाशाच खोटा होता. लहान घराला तर हे फारच लागते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे. तेवढ्या घरात दोन फूट गेले तर खाटेची जागा गेली. म्हणून पहिले काम, भिंतीची खरी जाडी भरा.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट जमिनीची. आपली काळी जमीन कपाशीला आई आहे, पण पायाला सावत्र आई आहे. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे आपण वावरात दरवर्षी पाहतो. पण घर बांधताना मात्र तीच जमीन घराखाली गप्प बसेल असे धरून चालतो. ती बसत नाही. एका कोपऱ्यात पाणी मुरते, तो कोपरा उचलला जातो, आणि भिंतीला तिरपी भेग पडते. पडद्यावरचे घर सपाट हिरव्या गालिच्यावर उभे असते. खाली मुरूम किती फुटांवर लागतो हे त्याला माहीत नाही. ते खड्डा खणूनच कळते.

यावर उपाय नाहीत असे नाही. काळी माती काढून टाकून पाया मुरमापर्यंत नेणे, खड्डा चांगल्या मुरमाने दाबून भरणे, जोत्यालगत पाणी मुरू नये म्हणून सभोवार पक्की पट्टी करणे हे उपाय जुन्या मिस्त्र्यांनाही ठाऊक आहेत. काळी माती फार खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली एक रीत आहे. पायाचे खांब खोल नेऊन त्यांचे बूड घंटेसारखे रुंद करतात, म्हणजे वरची माती कितीही फुगली-आकसली तरी घर जागचे हलत नाही. पण यातला कोणता उपाय आपल्या जागेला लागू, खांबात लोखंड किती, हे ठरवायला शिकलेला माणूस लागतो. येथे मोबाईल नको आणि शेजाऱ्याची नक्कलही नको. शेजाऱ्याच्या घराखाली मुरूम असेल आणि तुमच्या घराखाली नसेल.

आम्ही ऊस लावण्यापूर्वी माती तपासतो. शेतकी खात्याच्या माणसाला विचारतो, को ८६०३२ लावू की दुसरे काही. ऊस दोन-तीन वर्षांचा सोबती. घर दोन पिढ्यांचे, आणि त्याखालची माती कोणी पाहत नाही, याला काय म्हणावे?

आपल्याच जिल्ह्यातला धडा

घर कसे असावे हा विचार आपल्या जिल्ह्याला परका नाही. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. तेथली कुटी आपण सर्वांनी पाहिली आहे, पोरांना सहलीला नेले आहे. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, सगळे जवळपासचे. खोल पडवी, उतरते छप्पर, लहान खिडक्या. ऐन मे महिन्यात आत बसून पाहा आणि मग आपल्या स्लॅबच्या खोलीत बसून पाहा. १९३७ च्या जानेवारीत 'हरिजन'मध्ये गांधीजींनी आदर्श खेड्याचे वर्णन लिहिले. त्यात घरे पुरेशा उजेड-वाऱ्याची असावीत, पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाची असावीत असे तर सांगितलेच, पण घराला अंगण असावे, त्यात भाजीपाला लावता यावा आणि गुरे ठेवता यावीत, हेही सांगितले. म्हणजे ज्या प्रश्नावर आमच्या त्या म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला निरुत्तर केले, तो प्रश्न गांधीजींनी घराच्या व्याख्येतच घातला होता.

पुढे १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. दत्तपूरच्या या केंद्राने स्वस्त घरांचे कितीतरी प्रयोग केले. कुंभाराच्या चाकावर घडवलेली शंकूसारखी कवेलू एकात एक घालून त्यांची कमान करायची आणि ती छप्पर म्हणून वापरायची, हा त्यातलाच एक. सगळ्यांनी उद्या मातीची घरे बांधावीत असे आमचे म्हणणे नाही. सिमेंटचे घर लोकांना हवे आहे आणि त्याला कारणे आहेत. दरवर्षी लिपणे-सारवणे, वाळवी, कवेलू शाकारणे या कष्टातून घरच्या बाईला सुटका हवी आहे. पण घर सिमेंटचे बांधा की मातीचे, पडवी, उजेड, वारा, गुरांची जागा हा विचार त्यात आलाच पाहिजे. पडवी काही सिमेंटच्या विरुद्ध नाही.

किल्लारीने काय शिकवले

घर राहणाऱ्याने ठरवावे की जाणकाराने, या वादाची फार कडू परीक्षा आपल्या राज्यात एकदा होऊन गेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. कशाने गेली? मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या वजनदार धाब्याने. ती घरे गावच्या रीतीने, वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने बांधलेली होती. रीतीला भूकंप ठाऊक नव्हता. म्हणून "आमच्या बापजाद्यांनी असेच बांधले" हे उत्तर पुरेसे नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा उलट बाजूचा. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली. घरांचे आकार जमिनीवरून ठरले. एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यावरच्याला ७५०. घरे मजबूत झाली, रस्ते रुंद आणि सरळ झाले. पण पुष्कळ ठिकाणी शहरातल्या वसाहतीसारखी रांगेत घरे उभी राहिली, आणि शेतकऱ्याने विचारले, गुरे कोठे, अवजारे कोठे, दाणा कोठे? पुढे लोकांनी आपल्या हाताने छपऱ्या उभ्या केल्या, गोठे बांधले. जाणकाराने राहणाऱ्याला पुरते विचारले नाही, की असे होते.

त्याच वेळी तिसरी गोष्टही घडली. जी गावे हलवली नाहीत तेथे सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुती झाली. तेथे पैसा घरमालकाच्या हाती होता आणि सल्ल्याला सरकारचा इंजिनिअर होता. खोल्या कशा ठेवायच्या ते मालकाने ठरवले, भिंत कशी बांधायची ते इंजिनिअरने सांगितले. आम्हाला हीच रीत योग्य वाटते. ज्याला त्या घरात राहायचे आहे त्याने गरज सांगावी, ज्याला बांधकामाचे शास्त्र कळते त्याने बळकटी पाहावी, आणि दोघांच्या मध्ये संगणकाने पाटीचे काम करावे. पाटी मालक नव्हे.

मदत कोणाची घ्यावी

आता काही सभासद म्हणतील, "इंजिनिअरची फी कोण देईल? त्यापेक्षा चार पोती सिमेंट येते." हा हिशेब चुकीचा आहे. आमच्या त्या सभासदाने भेग बुजवायला दोनदा खर्च केला, आणि भेग आहे तेथेच आहे. फी एकदा लागते.

पण माणूस पारखून घ्यावा. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे ज्याची नोंदणी आहे त्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. नुसता नकाशा छापून देणारा दुकानदार वेगळा, आणि जागेवर येऊन खड्डा पाहणारा, सही करणारा, स्लॅबच्या दिवशी लोखंड तपासणारा माणूस वेगळा. पहिल्याला नकाशाचे पैसे द्या, पण पायाचा सल्ला दुसऱ्याचाच घ्या.

परवानगीचेही तसेच. गावठाणातले घर, ले-आऊटमधले घर आणि वावरातले घर, तिन्हींचे नियम सारखे नाहीत. मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे. जागा अकृषक करावी लागते का, बाजूला किती अंतर सोडायचे, हे ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात आधी विचारावे. बँक कर्ज देताना नकाशा आणि अंदाजपत्रक मागते. मोबाईलमधले रंगीत चित्र तेथे चालत नाही. चित्र पाहून पाया खणला, मग मंजुरीचा नकाशा निराळाच निघाला, अशी उदाहरणे आपल्या गावात आहेत. नावे घेत नाही.

आपला कारखाना काय करू शकतो

आता मुख्य मुद्दा. एकेका सभासदाने शहरात चकरा मारायच्या, तीन दुकानांत तीन सल्ले ऐकायचे आणि शेवटी मिस्त्री म्हणेल ते करायचे, असे किती दिवस चालणार? सहकाराचा अर्थच असा की जे एकट्याला परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून करायचे. एकटा शेतकरी साखरेचा कारखाना काढू शकत नव्हता, म्हणून तर आपण शेअर घेतले. मग एकट्याला न परवडणारा जाणकार आपण मिळून का आणू नये?

आमची सूचना साधी आहे. गट कार्यालयात एक संगणक ठेवावा आणि त्यावर फुकट मिळणारे नकाशाचे सॉफ्टवेअर घालावे. सभासदांच्या मुलांमधून दोघा-तिघांना ते शिकवावे. आमचा आग्रह आहे की त्यात मुलीही असाव्यात, कारण स्वयंपाकघर, न्हाणी आणि पाण्याची जागा यांतल्या अडचणी बायकांना जितक्या कळतात तितक्या आपल्याला कळत नाहीत, आणि त्या अडचणी त्या मुलीजवळच मोकळेपणाने बोलतील. महिन्यातून एक दिवस नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरने तेथे बसावे. फी सभासदाने द्यावी, कारखान्याने फक्त जागा आणि वेळ ठरवून द्यावी. तीन-चार सभासदांनी एकाच गावात एकाच दिवशी जागा दाखवली तर जाण्यायेण्याचा खर्चही वाटला जाईल.

आणि एक वही ठेवावी. ज्यांची घरे बांधून पाच वर्षे झाली त्यांच्या घरांचे नकाशे तीत ठेवावेत आणि खाली मालकाने स्वतः लिहावे: काय बरे झाले, काय चुकले. "गोठा वाऱ्याच्या बाजूला केला, वास घरात येतो." "संडासाची टाकी विहिरीजवळ घेतली, पाणी गेले." असल्या दोन ओळी नव्या माणसाला पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडतील. जगातल्या कोणत्याही यंत्रात वर्धा जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकाच्या घराचा असा अनुभव भरलेला नाही. तो आपल्याजवळ आहे, फक्त विखुरलेला आहे.

यावर काही संचालक म्हणतील, कारखान्याचे काम ऊस गाळणे, घराचे नकाशे काढणे नव्हे. त्यांचे म्हणणे आम्ही टाकाऊ मानत नाही. कारखान्याचा पैसा कारखान्यासाठीच लागला पाहिजे. पण येथे मागितले आहे ते एक खोली, एक संगणक आणि महिन्याचा एक दिवस. सभासदाने उसाचे पैसे कशात घातले आणि ते बुडाले की टिकले, याच्याशी कारखान्याचा संबंध नाही असे कसे म्हणता येईल? चुकीच्या घरात अडकलेला सभासद पुढच्या हंगामात बेणे आणि खत यांवरच काटकसर करतो. मग ऊसही कमी येतो. निर्णय अर्थातच सर्वसाधारण सभेचा. आमचे एवढेच म्हणणे की हा विषय सभेपुढे यावा आणि चर्चा व्हावी.

तोवर एवढे करा

सभा होईल तेव्हा होईल. ज्यांना यंदाच पाया खणायचा आहे त्यांनी निदान पुढील गोष्टी कराव्यात.

१. नकाशा उघडण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून सुनेपर्यंत, विचारा की या घरात तुमची अडचण कोणती. ते कागदावर लिहा.

२. बंडी, ट्रॅक्टर, गुरे, पोती, अवजारे यांची मापे घ्या आणि ती नकाशात ठेवा.

३. उत्तर दिशा खरी दाखवा. मे महिन्यातले दुपारी चारचे ऊन पाहा.

४. भिंतीची जाडी खरी भरा.

५. जागेवर खड्डा खणा, मुरूम किती खोल आहे ते पाहा आणि जाणकाराला बोलावून दाखवा.

६. संडासाचा खड्डा विहिरीपासून आणि बोअरपासून निदान पन्नास फूट दूर घ्या.

७. पुढे दुसऱ्या मुलाचे लग्न होईल, खोली वाढेल. ती कोणत्या बाजूला वाढेल ते आजच ठरवा, म्हणजे भिंत पाडावी लागणार नाही.

हे सगळे झाल्यावर मग खुशाल मोबाईलमध्ये रंग पाहा. गुलाबी लावा, हिरवा लावा, आमची हरकत नाही.

त्या बाबांचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. यंदा त्यांनी मोटारीच्या जागेवर टिनाची छपरी टाकली आणि बैल तेथे बांधले. घराच्या दर्शनी बाजूला, अगदी हॉलच्या खिडकीसमोर. पोराला ते आवडले नाही. पण बाबा सकाळी छपरीत बाजेवर बसून चहा पितात आणि म्हणतात, "आता घर झालं." आमची इच्छा एवढीच की पुढच्या सभासदाला ही छपरी नकाशातच मिळावी, मागून ठोकावी लागू नये.

आपले विचार गट कार्यालयात कळवावेत. ज्यांनी अलीकडे घरे बांधली त्यांनी आपला अनुभव, चुकांसकट, अवश्य लिहून पाठवावा.